मिस्त्रींचं ओरडणं

मिस्त्री अख्ख्या गल्लीवर ओरडत. रॉड दमट निघाले म्हणून दुकानदारावर, वेल्डिंगच्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी बघतो म्हणून पोस्टमनवर, आणि कुणीच सापडलं नाही तर स्वतःच्या हातोडीवर. माणूस वाईट नव्हे, तोंड तेवढं फाटकं. एका ठिणगीपुढे मात्र या वाघाची मांजर व्हायची.

ठिणगी म्हणजे त्यांच्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी. आईचं बोट धरून या घरात आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आता वेल्डिंग शिकून ती त्यांच्याच वर्कशॉपमध्ये उभी राहत होती आणि त्यांना काका म्हणत होती. दुसऱ्याच्या लेकरावर आवाज चढवायचा नाही, असं मिस्त्रींनी लग्नाच्या दिवशी ठरवलं होतं आणि ते इमानानं पाळलं होतं.

मागच्या वर्षी तिची आई गेली, आणि आता मामा बोलावत होता. इकडे मोठा कारखाना आहे, तिथे तुझं आहे कोण? ठिणगीनं उद्या कळवते म्हणून सांगितलं होतं. त्या ‘आहे कोण’नं मिस्त्रींचं जेवणावरून मन उडालं होतं.

माणसांचा विचारही धातूंवरून करायची त्यांना खोड. कथलाचा डाख तारेला, पत्र्याला ठीक. जरा चटका बसला की सुटतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकडे स्वतःच वितळतात आणि एकजीव होतात. ब्रेझिंगचं तसं नाही. तुकडे लालबुंद होतात, पण वितळतं ते पितळ. ते फटीत शिरतं आणि दोघांना धरून ठेवतं. आपल्या दोघांतलं पितळ तिची आई होती, आणि तीच गेली. इथवर आलं की मिस्त्रींचं गाडं अडायचं.

त्या सकाळी बाइंडर आला. पुस्तकं दाबायच्या प्रेसचं चाक त्यानं टेबलावर ठेवलं. चाक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक आरा मधोमध मोडलेला.

“पाडलंत ना? प्रेस आहे की चेंडू?” मिस्त्रींनी तोफ डागली. बाइंडरला सवय होती. मी समोर चहा घेतो, म्हणून तो निघून गेला.

“काका, मी करते वेल्ड,” ठिणगी म्हणाली. “साधा रॉड लावते, चुटकीसरशी होईल.”

मिस्त्रींच्या अगदी ओठांवर आलं. बीड ठिसूळ. एकाच जागी एकदम तापवलं तर गार होताना तडकणारच. त्याला सगळीकडून सावकाश ऊब द्यायची, टाकणखार टाकायचा आणि पितळेनं जोडायचं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. पण जायच्या विचारात असलेल्या पोरीला आज दुखवायचं?

“बघ बाई. तुला बरं वाटेल तसं कर.”

ठिणगीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मुखवटा खाली ओढला. जोड दिसायला छान आला. मिस्त्री उगाच पान्हे पुसत बसले. थोड्याच वेळात टेबलावरून टण्ण आवाज आला. जोडाच्या कडेनं केसाएवढी भेग पडली होती.

“तडकलं,” ठिणगी म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं ना?”

“होय ग. असू दे. होतं कधी कधी.”

“मलाही माहीत होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात.” तिनं मुखवटा टेबलावर ठेवला. “पोस्टमनवरसुद्धा ओरडता तुम्ही. म्हटलं, आज तरी मला ओरडतील. पाहुण्यासारखं किती दिवस ठेवणार मला?”

मिस्त्रींची नजर चाकावर गेली.

“म्हणजे मुद्दाम?” ते गरजले. “गिऱ्हाइकाच्या चाकावर माझी परीक्षा घेतेस? अक्कल गहाण टाकलीस काय? त्या माणसाचं काम अडलंय तिकडे! घे तो ग्राइंडर, सगळं वेल्डिंग खरवडून काढ, चाक शेकायला ठेव! आणि मामाकडे जायचं ते हे निस्तरल्यावर... नाही, त्यानंतरही नाही! कुठे जायचं नाही! मी काय या भिंतींशी बोलू?”

पान्हे खणखणत खाली पडले. एवढा आवाज आपलाच, यावर मिस्त्रींचा विश्वास बसेना. आता ही पिशवी भरून मामाकडे निघणार, अशी भीती त्यांना वाटली.

समोरून बाइंडर धावत आला, हातात अर्धा कप तसाच.

“मिस्त्री, चुकलं माझं! पुन्हा नाही पाडणार!”

“तुम्हाला कोण बोलतंय?” मिस्त्री खेकसले. “मी माझ्या मुलीला बोलतोय. मध्ये पडू नका!”

ठिणगीनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले आणि ग्राइंडर सुरू केला.