सुनेच्या कोंबड्या

ताईबाईने गोणपाट बादलीत बुडवलं, न पिळताच खुराड्यावर टाकलं आणि दुसरं हातात घेतलं. वैशाखात हीच युक्ती लागू पडली होती. पारोळ्याचा कोरडा, तापलेला वारा ओल्या गोणपाटातून आत शिरला की गार व्हायचा आणि कोंबड्या निवांत माती उकरत बसायच्या. आता मात्र आभाळ दाटून आलं होतं, वारा अगदी पडला होता, अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नव्हता. खुराड्यात कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. त्या धापा पाहून ताईबाई आणखी पाणी मारत होती.

कोंबड्या सुनेच्या होत्या. लताला लग्नात तिच्या आईने धुळ्याच्या देवपूरहून एक जोडी दिली होती, तिचाच हा पसारा. चैत्रात लताचं बाळ गेलं. त्याचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं. त्यानंतर ती माहेरी गेली ती गेलीच. ताईबाईचा मुलगा चुडामण तिला आणायला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत आला. तिकडे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि ताईबाईने विचारलं नाही. तो कापसाच्या जिनातल्या कामावरून यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा.

ताईबाईला रडू येत नव्हतं. भाकरी थापताना हात भाजला तरी ते उशिरा कळायचं. एकच गोष्ट तिने मनाशी घट्ट धरली होती. कोंबड्या जगल्या तर सून येईल. या घरात लताच्या जिवाचं म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं.

"काय करी ऱ्हायनात, अक्का?"

दारात लता उभी होती. हातात झाकणाची मोठी टोपली होती. टोपली पाहिली आणि ताईबाईला सगळं कळलं.

"पानी मारी ऱ्हायनू," ती म्हणाली.

"आते पानी नका मारू. त्यासना जीव कोंडास."

लताने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि ओली गोणपाटं ओढून काढली. खुराड्याला टेकवलेल्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या दूर केल्या, दार उघडं टाकलं. मग एकेक कोंबडी लिंबाच्या सावलीत आणून तिचे पाय परातीतल्या पाण्यात धरले. ताईबाई न सांगता दुसरी कोंबडी घेऊन तयार राहिली. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती. हळूहळू कोंबड्यांच्या चोची मिटायला लागल्या.

"कशी शे?" ताईबाईने शेवटी विचारलं.

"बरी शे." लता परातीकडेच पाहत होती. "माय बोलनी, कोंबड्या घर लई ये. मले धुळानी गाडी धरनी शे."

ताईबाईने मान हलवली. कोंबड्या पकडून द्यायलाही तीच लागली. कोंबडी उचलायची, सुनेच्या हातात द्यायची, सुनेने ती टोपलीत ठेवायची. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं, पण आतून काहीच हलत नव्हतं.

शेवटी काळी राहिली. ती पडवीत फुटक्या घमेल्यात खुडूक बसली होती. तिच्याखालची अंडी उष्म्याने नासली म्हणून ताईबाईने परवाच उकिरड्यात पुरून टाकली होती. काळीला त्याचं काही नव्हतं. ती रिकाम्या पाचोळ्यावर तशीच पंख पसरून बसून होती.

लता घमेल्यापाशी वाकली.

"तिले नको हालाडू," ताईबाई म्हणाली. "अंडा शेतस खाले."

असं आपण का बोललो, तिचं तिलाच कळलं नाही. आयुष्यात ती कधी खोटं बोलली नव्हती असं नाही, पण इतकं उघडं पडणारं खोटं कधी बोलली नव्हती. लताचा हात काळीच्या पोटाखाली गेलाच होता.

तो बराच वेळ तिथेच राहिला. काळीने चोचही मारली नाही. आता ही एक शब्द न बोलता काळीला उचलेल, टोपलीचं झाकण लावेल आणि मग या दारात यायचं तिला काही कारणच उरणार नाही, एवढं तिला लख्ख दिसलं. बाळ गेलं त्या दिवसापासून पहिल्यांदाच तिला कशाची तरी भीती वाटली.

लताने रिकामा हात बाहेर काढला. तळव्याला चिकटलेला पाचोळा झटकला.

"ऱ्हाऊ द्या मग तिले," ती म्हणाली. "पिल्ला निंघनात की परत येसू मी."