गॉगलच्या मागचा शब्द

“मॅडम, ती पाटी वाचू नका. मला विचारत जा,” करीमचाचा जूनमध्येच म्हणाले होते. मी नुसती हसले. एम.ए. मराठी, फर्स्ट क्लास. मला आता वॉचमन पाटी वाचायला शिकवणार!

औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक खासगी मोकळा प्लॉट आहे. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीत चाचा बसायचे. साठीच्या पुढचे, एका पायानं लंगडत चालणारे, रोज खुलताबादहून बसनं येणारे.

त्या मंगळवारी मी सायलीच्या शाळेच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले. सायली माझी मुलगी, चार वर्षांची. बालवाडीची व्हॅन तिला साडेबाराला सिडकोत आमच्या बिल्डिंगच्या गेटवर सोडते. व्हॅनवाला थांबत नाही. म्हणून मी दहा मिनिटं आधीच तिथं उभी असते. एकदाही चुकले नव्हते.

भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत होतं, ‘पार्किंग खाली’. शेजारी गॉगल लावलेल्या कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. चाचा खुर्चीत नव्हते. मी पाटीच्या बरोबर खाली स्कूटी लावली. आणखी काय समजायचं माणसानं?

पावणेबाराला परत आले तर पुढच्या चाकाला साखळी आणि कुलूप.

“तुमची गाडी हाय व्हय?” चाचांचा चेहराच पडला. “चहाला गेलतो. आलो तर गाडी दिसली, लावली साखळी. फोटो बी गेला शेठला. पाचशे रुपये लागतेत मॅडम. पैसे आल्याचा शेठचा फोन आला तरच उघडायचं.”

“कशाचे पाचशे? ‘पार्किंग खाली’ लिहिलंय. मी खालीच लावली.”

“खाली म्हंजे खाली रखना. रिकामी! गॉगलच्या पिछे लिव्हलंय पुढचं.”

मी फ्लेक्सचा कोपरा उचलला. भाऊंच्या गॉगलमागं होतं, ‘ठेवा. अन्यथा दंड ५००’.

“अहो, ‘खाली ठेवा’ म्हणजे जमिनीवर ठेवा! मराठीत रिकामी लिहायला काय झालं होतं?”

“म्या सांगितलं शेठला. ते म्हणले, करीम, तू पेंटर हाय का?”

चाचांकडून नंबर घेऊन मी त्यांच्या शेठला, प्लॉटचे मालक सुदर्शनशेठना, फोन लावला. “पैसे टाका मॅडम, मग व्याकरण बोलू,” म्हणाले आणि ठेवला. मी परत लावला. परत लावला. पाटीचे फोटो काढले, पाठवले. रिक्षा करून निघून जावं हे मला सुचलंच नाही. मी वाचण्यात चुकले नव्हते, एवढंच डोक्यात घुमत होतं.

घड्याळ पाहिलं तेव्हा बारा दहा झाले होते.

नवरा विश्वजीत शेंद्र्याला कंपनीत, मोबाइल गेटवर जमा. शेजारच्या तनुजाताई अजिंठ्याला माहेरी. बिल्डिंगला वॉचमन नाही, आणि गेटसमोरून डंपर जातात. व्हॅनवाल्याचा फोन लागेना. दंड भरायला गेले तर मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहिलं. पर्समध्ये एकशे चाळीस रुपये. रस्त्यावर जाऊन रिक्षांना हात केले. तीन गेल्या, तिन्ही भरलेल्या.

“चाचा, लेकरू एकटं उतरेल हो माझं. चार वर्षांची आहे. हात जोडते.”

“मी उघडलं तर नोकरी जाती, बेटा.”

“मी नाही कुणाला सांगणार.”

ते वाकले, लंगडा पाय बाजूला लांब करून खाली बसले आणि कुलूप काढलं. “सांगतो शेठला, कुलूप नीट लागलंच नव्हतं, बाई निघून गेली. जा. पळ.”

पोहोचले तेव्हा साडेबारा उलटून गेले होते. सायली गेटवर नव्हती. मी तिच्या नावानं ओरडत दोनदा जिना चढले-उतरले. ती मीटरच्या पेटीमागं बसली होती. फ्रॉक ओला, डबा छातीशी. म्हणाली, “मी हाक मारली, तू आलीच नाहीस.”

त्या रात्री सुदर्शनशेठचा मेसेज आला: गाडी पळवली म्हणून आता हजार भरा, नाहीतर पोलिसांत देतो. माझं डोकं फिरलं. मी मुद्देसूद उत्तर लिहिलं, जसं कॉलेजात शिकले होते. पाटी दिशाभूल करणारी, फोटो सोबत. आणि शेवटचा, सगळ्यात भक्कम मुद्दा: ‘आपल्या वॉचमननेही पाटी चुकीची असल्याचे मान्य केले आणि स्वतःहून कुलूप उघडून दिले.’

पाठवून शांत झोपले.

सकाळी उत्तर आलं. ‘दंड माफ. वॉचमन बदलला आहे.’

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ‘बदलला’ म्हणजे काय ते कळलं. प्लॉटवर गेले. खुर्चीत दुसराच माणूस. “करीम? त्याला काढलं. महिन्याचा पगार बी नाय दिला.” झेरॉक्सवाल्याकडून चाचांचा नंबर मिळाला, तो तेव्हापासून बंद आहे. शेठला मी पुन्हा लिहिलं, ते माझंच चुकलं, मी खोटं बोलले, हवं तर दोन हजार घ्या. शेठनी मला ब्लॉक केलं.

आज अकरावा दिवस. दोनदा खुलताबादला निघाले, पण सायली मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पदर धरून निळी पडेपर्यंत रडते. तिला सोबत घेतलं तर गाडीत बसताच ओकते. विश्वजीत म्हणतो, “सुट्टी मिळाली की जाऊ.” कधी मिळणार?

म्हणून तुम्हाला सांगते. वेरूळला जाताना-येताना खुलताबादेत पाच मिनिटं थांबाल का? वेशीच्या आत पिठाची गिरणी आहे, त्याच बोळात घर, एवढंच झेरॉक्सवाल्याला ठाऊक आहे. बायकोचं नाव जहांआरा. लंगडत चालणारे करीमचाचा म्हणून विचारा. ते बरे आहेत का, कुठं काम लागलंय का, तेवढं बघा. माझं नाव सांगायचं की नाही, ते मला खरंच कळत नाहीये. पण बघून या हो.