निलगिरीचा कोट

अबुधाबीहून आलेल्या लाँचमधून शारजाला उतरताना खैरुद्दीनने नुकतेच डांबर लावलेल्या कठड्याला पाठ टेकली, आणि त्याच्या एकुलत्या एका पांढऱ्या कोटाची पाठ काळी झाली. त्याच दुपारी अलीमियाँ कापडवाल्यांच्या हलिमाला मागणी घालायला जायचे होते.

शारजाच्या रोल्ला चौकातल्या वडाजवळ दुकान असलेल्या मावसभावाने, कमरुद्दीनने, निलगिरी तेलाची बाटली पुढे केली. तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या खैरुद्दीनचा चेहरा उजळला.

“डांबर पाण्याला दाद देत नाही. या तेलातल्या सिनिऑलमध्ये मात्र विरघळतं,” असे सांगत त्याने कापसाने डाग पुसून काढला. बाटली अर्धी झाली. फिकट तपकिरी छाया उरली, आणि वास.

“मुलगी मागायला निघालास की सर्दी दाखवायला?” कमरुद्दीन म्हणाला. “आणि ते वरचं बटण लोंबतंय. असू दे, उशीर होतोय. यल्ला, चल!”

जेवण नीट पार पडले. शारजातल्या इतक्या वर्षांत अलीमियाँनी इथली रीत उचलली होती. जेवणानंतर त्यांनी स्वतः धुमसती ऊददाणी आणली आणि पाहुण्याचे कपडे सुगंधित करायला ती त्याच्या कोटाखाली धरण्यासाठी वाकले. खैरुद्दीन ताडकन मागे सरला.

“नको, चाचा!”

कमरुद्दीनने डोळे मिटले. पडद्याआडची कुजबुज थांबली.

“आमच्या घरचा ऊद नको?” अलीमियाँनी हळू विचारले.

“ऊद हवा, चाचा. घरही हवं. पण लाँचवर मी डांबर लावलेल्या कठड्याला टेकलो, आणि ते काढताना कोटात निलगिरीचं तेल मुरलंय. त्याची वाफ निखाऱ्यावर पेटू शकते. मी जळेन ते जळेन, तुमचा गालिचा...”

“तरीच!” पडद्याआडून हलिमाची आई, मैमुनाबी, म्हणाली. “सकाळपासून चोंदलेलं नाक आत्ताच कसं मोकळं झालं!”

अलीमियाँनी ऊददाणी दूर ठेवली. “एवढं शिकून डांबराला पाठ टेकतो,” ते कमरुद्दीनला म्हणाले. “पण निदान माझं घर पेटवत नाही.”

“अब्बा,” पडद्याआडून हलिमाचा आवाज आला, “त्यांना कोट काढायला सांगा ना.”

हा उपाय रसायनशास्त्राच्या पदवीधराला सुचलाच नव्हता. कानापर्यंत लाल होत त्याने कोट उतरवला. कमरुद्दीन तो बाहेर दोरीवर टाकायला निघाला, तर मैमुनाबीने पडद्यातून हात काढला.

“बाहेर कशाला? इकडे द्या. माझी दुसरी नाकपुडी राहिलीय.”

खैरुद्दीनच्या सदऱ्यात ऊद दरवळला. मागणीचे उत्तर मात्र अलीमियाँनी दिले नाही. “घरात विचारतो. इन्शाल्ला, कळवू,” एवढेच ते म्हणाले.

निघताना कोट परत आला. वाटेत खैरुद्दीनने सवयीने वरच्या बटणाला हात लावला आणि जागीच थांबला. बटण नव्या दोऱ्याने पक्के शिवलेले होते.