मिश्रीचा तवा

मित्रांनो, मी एक जुना, कड तुटलेला तवा आहे. जवळ यायचं तर नाक धरून या. माझ्या अंगाला जळक्या तंबाखूचा वास आहे, आणि त्याचा मलाही कंटाळा आलाय.

नांदूरघाटच्या बाजारातून रतनबाईंनी मला आणलं, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. मेंढरांमागं हिंडणारं घर ते. तीन दगड मांडले की माझं काम सुरू. ज्वारीची भाकरी माझ्यावर टम्म फुगायची. त्यांचे मालक म्हाळूबाबा म्हणायचे, "तवा लई गुणाचा हाय." मी मनातून सुखावायचो.

मग एकदा घोडीच्या पाठीवरून पडलो आणि कड तुटली. नवा तवा आला. मला भंगारात टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण रतनबाईंनी माझ्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली, चुरली आणि डबीत भरली. हीच मिश्री. उठल्यावर, जेवल्यावर, मेंढरं बसली की, बोटानं दातांना चोळायची.

गंमत बघा, म्हाळूबाबांची दारू याच बाईनं सोडवली. तीही तोंडात मिश्री धरून झापत! कुणी टोकलं तर म्हणायच्या, "ही कुठं नशा हाय? दाताचं औषध हाय." सून संगीताची दाढ ठणकली, तेव्हा त्यांनी मायेनंच तिच्या बोटावर मिश्री ठेवली. दाढेचं दुखणं थांबलं, मिश्री काही थांबली नाही.

आता संगीताला दिवस गेलेत. परवा नर्सबाई पालावर आल्या. "बाळाचं वजन भरत नाही. मिश्रीची तंबाखू बाळालाही बाधते. बंद करा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी रतनबाईंना आ करायला सांगितलं. तोंड धड उघडेना. आत पांढरा डाग होता. "बीडला दाखवा. अशा डागाचा कॅन्सर होऊ शकतो."

"चार लेकरं झाली मला मिसरी लावून," रतनबाई कुरकुरल्या, पण आवाजात जोर नव्हता.

संगीतानं मिश्री लावली नाही. दुपारी डोकं धरून बसली, कोकरावर उगाच खेकसली, शेवटी रडली. "आत्या, एकडाव द्या. लेकराचं कळतंय मला, पर न्हाई राहवत."

रतनबाईंनी डबी उघडली. माझा धीर खचला. पण त्यांनी ती मातीत पालथी केली. "तू एकलीनं काहून सोडायची? मीबी सोडते. आन् ह्यो तवा भाकरीला लावते. मंग भाजायचं कशावर?"

राख-वाळूनं त्यांनी मला घासघास घासलं आणि भाकरी टाकली. कितीतरी वर्षांनी! पण भाकरीलाही तोच वास. संगीतानं तोंड फिरवलं, भाकरी कुत्र्याला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. रतनबाई चिडतात, रिकाम्या डबीत बोट घालून बघतात, मग पुन्हा मला घासायला बसतात.

मित्रांनो, मी थकलोय. एवढंच मागतो, औषध म्हणून कुणी बोटावर मिश्री ठेवली तर हात मागे घ्या. आणि एका घासण्यात वास गेला नाही म्हणून कुणाला भंगारात काढू नका.

आज सकाळी भाकरी फुगली. संगीतानं तुकडा मोडून तोंडात घातला.

"वास येतोय का गं?" रतनबाईंनी भीत भीत विचारलं.

"येतोय की," ती चावत म्हणाली. "पर कालच्यापरीस कमी हाय. अजून एक टाका."