डावा घास

पहिल्या डॉक्टरांनी यांच्या उजव्या कोपराच्या दुखण्याला टेनिस एल्बो ठरवून टाकलं. आमच्या सुदर्शनरावांनी आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेलं नाही. सदाशिव पेठेतल्या घराच्याच एका खोलीत बसून दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा माणूस! मलमं चोळण्यात उन्हाळा गेला. हात सरळ होईना, तेव्हा कुठे एमआरआय झाला, हाडाचा तुकडा तपासायला गेला आणि कळलं, की कोपरात सहसा न होणारा हाडाचा कॅन्सर आहे.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर प्रियदर्शनी आडवळणं घेत नव्हत्या. "गाठीसकट सांधा काढावा लागेल. हात वाचेल, पण कोपर कायमचं एकाच कोनात राहील. तो कोन तुम्ही ठरवायचा. जास्त वाकवलं तर हात तोंडापर्यंत जाईल, पण टेबलावरचं काम जमणार नाही. कमी वाकवलं तर काम जमेल, घास नाही."

"कामाचा कोन," हे लगेच म्हणाले.

"अहो, आणि जेवाल कसे?"

"डावा हात आहे की."

माझं डोकंच फिरलं. डावखुऱ्या शेफालीला, आमच्या लेकीला, मी दटावून दटावून उजव्या हातानं जेवायला लावलं होतं. पंगतीत नावं ठेवतात म्हणून.

"गावाला चावायला दात द्या आणि स्वतः उपाशी राहा," मी म्हणाले.

"काम गेलं तर मी कोण गं?"

शेवटी कामाचाच कोन ठरला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर आल्या त्या खाली मान घालूनच. गाठीनं हाताच्या नसेलाही वेढलं होतं. ती नस कापावी लागली. अंगठा आणि शेजारची बोटं आता काही धरणार नव्हती.

घरी आल्यावर हे कामाच्या टेबलापाशी बसले. हात हवा तिथेच होता, अगदी ठरवल्यासारखा. कवळीचं मेण कोरायची सुरी मात्र बोटांतून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला.

दुपारी मी पानं वाढली. हे भिंतीकडे तोंड करून बसले आणि डाव्या हातानं भात कालवू लागले. शितं सदऱ्यावर सांडत होती. चमचा पुढे केला, तर "राहू दे" म्हणाले.

माझं ताट उचलून मी त्यांच्यासमोर, भिंतीला टेकून बसले. उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्यानं वरणभात कालवला. पहिलाच घास मांडीवर पडला.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"जेवा मुकाट्यानं," मी रडतच म्हणाले. "मलाही शिकायचंय."