मुनीरची बाही

राजन देवस्थळीने मारलेली थाप सकाळी चायना क्लस्टरातून निघाली, की संध्याकाळी पर्शिया क्लस्टरात पोचेपर्यंत तिला दोन पोरं झालेली असायची. इंटरनॅशनल सिटी नावाच्या त्या वसाहतीतल्या मराठी मंडळींना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. २००९ साली दुबईत दुसरं काय फुकट मिळत होतं? क्रेन मान खाली घालून उभ्या होत्या, अर्ध्या इमारतींना वरचे मजलेच नव्हते, आणि रोज कोणाचं तरी सामान लिफ्टमधून खाली उतरताना दिसायचं. अशा दिवसांत राजनकाका चहाच्या कपासोबत एखादी गोष्ट वाढायचे, ती लोक आवडीने गिळायचे.

राजनची सगळ्यांत लाडकी थाप स्नूकरची. पुण्याच्या एका जिमखान्यात ऐन तारुण्यात त्याने मोडक्या काठीने एका चॅम्पियनला लोळवला होता. सुरुवातीला हा चॅम्पियन फक्त जिमखान्याचा होता. राजन दुबईत आला तेव्हा तो महाराष्ट्राचा झाला, आणि पुढच्या दोन गणपतींत बढती मिळत मिळत आशियाचा. काठीही आधी नुसती वाकडी होती, मग ती तडकली, आणि मंदी आली तोवर तर राजन छत्रीने खेळला होता. खरं एवढंच, की त्याचा मामा जिमखान्याचा सभासद होता. दुपारी सभासद जेवून पेंगायला लागले की भाच्याला रिकामं टेबल मिळायचं. खेळायचा बरा. बरा म्हणजे नुसता बरा.

ह्या छत्रीवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या बिल्डिंगीत एकच होता, मुनीर. मूळचा हर्णैचा, अबू धाबीकडच्या मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. राजनची साइटही तिकडेच, म्हणून सात वर्षं दोघं मुनीरच्या जुन्या सनी गाडीतून रोज दुबई-अबू धाबी करायचे. राजन बोलायचा, मुनीर गाडी चालवायचा. शुक्रवारी दोघं शारजात रोल्लाला जायचे. तिथे एका सुपरमार्केटच्या वर स्नूकरचा पार्लर होता, आणि मुनीरच्या हातात काठी पहिल्यांदा राजननेच दिली. दोन वर्षांत चेला गुरूच्या पुढे गेला. राजनने ते कोणाला सांगितलं नाही आणि मुनीरच्या ध्यानात आलं नाही.

मुनीरची एक खोड होती. स्नूकरमध्ये काठी, हात, बाही, काहीही चुकून बॉलला लागलं तर तो फाउल, आणि खेळाडूने तो स्वतः सांगायचा अशी जुनी रीत आहे. पार्लरमध्ये ही रीत पाळतो कोण? मुनीर पाळायचा. कोणी बघितलेलं नसताना काठी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "लागला माझा." समोरचा म्हणायचा जाऊ दे हबीबी, चालतं. मुनीर मुंडी हलवायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा.

त्या वर्षी दुबईत व्यावसायिक स्नूकरची मोठी स्पर्धा भरणार होती. इथल्या रहिवाशांसाठी आधी एका क्लबात पात्रता फेऱ्या होत्या. राजनने दोघांची नावं दिली आणि बिल्डिंगभर सांगितलं की आपल्याला थेट मुख्य फेरीत घेत होते, पण मुनीरला एकट्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून आपण पात्रतेतून खेळणार आहोत. गंमत अशी, की पहिल्या दोन शुक्रवारी दोघंही जिंकले. राजनचा एक प्रतिस्पर्धी तर आलाच नाही. त्याला कंपनीने परत पाठवलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारच्या आधी मुनीरच्या वर्कशॉपला कुलूप लागलं. व्हिसा कॅन्सल, तीस दिवसांत देश सोडायचा. गाडीत त्याने हे चार शब्दांत सांगितलं आणि वाटेतल्या गंतूतच्या पुढे गेल्यावर आणखी थोडं बोलला. मुख्य स्पर्धा अठराव्या दिवशी होती, म्हणजे तो इथेच असणार होता. एक मॅच खऱ्या व्यावसायिक खेळाडूशी, दिव्यांखाली, टीव्हीवर. हरलो तरी चालेल, म्हणाला. खैरुन्निसा हर्णैला डिशवर बघेल. सात वर्षं दर शुक्रवारी नवरा फोनवर सांगतो की खेळायला चाललो, पण काय खेळतो ते बायकोने एकदाही पाहिलेलं नव्हतं. गावी गेल्यावर कुठलं टेबल? हर्णैला माशांचा लिलाव होतो, स्नूकर नाही.

राजनने त्याच्या मांडीवर थाप मारली. इन्शाल्ला होईल, म्हणाला. मनापासून म्हणाला.

शेवटच्या फेरीत काळा लांब बाह्यांचा शर्ट, वेस्टकोट आणि बो असा पोशाख सक्तीचा होता. मुनीरकडे तसा शर्ट नव्हता. ऐंशी दिरहम, म्हणजे हजार रुपये, एका दिवसाच्या शर्टाला कशाला घालायचे, म्हणून राजनच्या बायकोने, विभावरीने, नवऱ्याचा जुना शर्ट इस्त्री करून दिला. मुनीरच्या अंगाला तो बसला. फक्त बाह्या बोटभर लांब होत्या.

एका टेबलावर चौघं. सकाळी दोन मॅच, दुपारी त्यांतल्या विजेत्यांची एक, आणि ती जिंकेल तो मुख्य स्पर्धेत. राजनची गाठ पडली एका इंग्रज शाळामास्तराशी. उंच, टकला आणि इतका सभ्य, की राजनचे सगळे बॉल हुकताना तोच हळहळत होता. तीन-शून्य. राजनला घाम पुसायलाही उसंत मिळाली नाही. मुनीरने एका श्रीलंकन पोराला तीन-एक असं हरवलं आणि जुम्म्याच्या नमाजाला गेला.

आता पात्रता फेऱ्यांची आणखी एक रीत असते. सगळ्या टेबलांना पुरतील इतके पंच कोणी आणत नाही. म्हणून जो हरतो, त्यानेच पुढच्या मॅचला पंच व्हायचं. श्रीलंकन पोराची ड्यूटी होती, तो पळाला. क्लबच्या मॅनेजरने पांढरे हातमोजे राजनच्या हातात कोंबले आणि म्हणाला, यल्ला, चल, अडीच वाजता तू.

नेमकं अडीच वाजताच बिल्डिंगीतलं मराठी मंडळ तीन गाड्यांतून येणार होतं. राजनने त्यांना अंतिम सामन्याची वेळ दिली होती, कारण सकाळी आपण हरू हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

मंडळी आली. पुढे मंडळाच्या सेक्रेटरी अपर्णाताई, मागे साबुदाणावड्यांचे डबे, त्यामागे बिल्डिंगीतला टवाळ निखिल आणि बाकी जनता, आणि विभावरीसोबत नवव्या इयत्तेतली लेक ओवी. त्यांनी काय पाहिलं? टेबलापाशी झगझगीत उजेडात, वेस्टकोट आणि बो घातलेला राजन देवस्थळी, हातात शुभ्र पांढरे मोजे. दोन्ही खेळाडू अदबीने त्याच्याशी हात मिळवतायत. अपर्णाताईंनी तोंडावर हात ठेवला आणि मागे वळून सगळ्यांना कळेल एवढ्या कुजबुजीत म्हणाल्या की अगं बाई, ह्यांना तर अंपायरच केलंय. विभावरीने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. ओवीने विचारलं, "बाबा, व्हॉट आर द ग्लव्ह्ज फॉर?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. राजनने मान जराशी झुकवली, मोठे लोक टाळ्या घेताना झुकवतात तशी, आणि तोंड मिटून घेतलं. उभ्या आयुष्यात त्याने मारलेली ही पहिलीच मुकी थाप.

मॅच रंगली. दोन-दोन झाले आणि शेवटचा डाव सुरू झाला. दोन तास राजन करत काय होता? भोकांतून बॉल काढून जागेवर ठेवत होता, पुसत होता आणि आकडे पुटपुटत होता. मास्तर आणि मुनीर दोघंही इतके चोख, की पंचाला कामच नव्हतं. मंडळी चुळबुळायला लागली. आणि मागून निखिलचा आवाज राजनच्या कानात पडला, की काका नुसते ताटं उचलतायत, इतके स्वच्छ मोजे घालून. दोघं-तिघं फिसकन हसले.

तेवढ्यात मुनीर शेवटून तिसऱ्या बॉलवर आला. निळा, मग गुलाबी, मग काळा, पाच, सहा आणि सात गुणांचे, एवढेच उरले होते. मुनीर दहाने पुढे होता. निळा गेला की मॅच खलास, पुढचे दोन्ही मास्तरने घेतले तरी पुरणार नव्हते. पांढरा बॉल लांब होता आणि वाटेत गुलाबी. मुनीर टेबलावर ओणवा झाला, एक पाय हवेत, हात गुलाबीवरून पुढे ताणलेला, आणि राजनच्या शर्टाची ती बोटभर लांब बाही गुलाबीच्या वर लोंबत होती. निळा खटकन भोकात गेला.

"फाउल."

राजनचा आवाज हॉलच्या छताला जाऊन लागला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अगदी सगळ्यांनी, शेजारच्या टेबलांवरच्यांनीसुद्धा.

बाही लागली नव्हती. गुलाबी केसभरही हलला नव्हता, आणि राजन दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्याच्याइतकं नीट कोणालाच दिसलं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. मास्तर खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याने हळू आवाजात विचारलं, तुमची खात्री आहे ना? मला तर काही हललेलं दिसलं नाही. सभ्य माणूस. त्याने दार सताड उघडून धरलं होतं. माफ करा, चुकलं माझं, एवढं म्हणून राजनला त्यातून बाहेर पडता आलं असतं. त्याने मागे पाहिलं. अपर्णाताई अभिमानाने ताठ बसल्या होत्या, निखिलचं हसू मावळलं होतं.

"स्लीव्ह," राजन म्हणाला. "पिंक. सिक्स."

मुनीरने आपल्या बाहीकडे पाहिलं. मग राजनकडे. मग काठी खाली ठेवून खुर्चीत जाऊन बसला. राजनने निळा पुसून परत जागेवर ठेवला. सहा गुण मास्तरला, मग निळा, गुलाबी, काळा, सगळे मास्तरने घेतले. हात मिळवताना मास्तर काही हसला नाही.

परतीच्या वाटेवर राजन मुनीरच्याच गाडीत होता. विभावरी आणि ओवी दुसऱ्या गाडीत बसल्या. गाडी एमिरेट्स रोडला लागली. राजनच्या खिशात ते हातमोजे राहून गेले होते, निखाऱ्यासारखे.

"राजनभाऊ, माफ करा," मुनीर म्हणाला.

राजनला वाटलं, चुकीचं ऐकलं.

मुनीर रस्त्यावरची नजर न काढता सांगत राहिला. त्याला बाही लागल्याचं कळलंच नव्हतं. पण कळायला हवं होतं. सात वर्षांत एकही फाउल त्याने लपवला नव्हता, आणि नेमक्या आजच्या दिवशी पंचाला सांगावं लागलं. जिंकायची हाव इतकी, की हाताला स्पर्शसुद्धा कळू नये? आणि तुम्हाला किती जड गेलं असेल, म्हणाला, स्वतःच्या माणसाविरुद्ध बोट दाखवायचं.

राजनने तोंड उघडलं. गाडी घराजवळच्या ड्रॅगन मार्टला वळली. तो म्हणाला, "एसी जरा कमी कर."

पुढचे पंधरा दिवस तो रोज ठरवायचा की आज सांगायचं. मुनीर सामान बांधायला लागला, तर राजन खोकी आणून द्यायचा, दोरी बांधू लागायचा, आणि चहा न घेता परत यायचा. मुख्य स्पर्धा झाली. मास्तर पहिल्याच फेरीत हरला, पण टीव्हीवर दिसला. राजनने टीव्ही बंद केला. विभावरीने कारण विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं.

मग आला पाडवा. शुक्रवारच होता. मंडळाने बिल्डिंगीच्या गच्चीवर जेवण ठेवलं आणि 'आंतरराष्ट्रीय पंच' राजन देवस्थळी यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मुनीरलाही बोलावलं होतं, दोन दिवसांवर त्याचं विमान होतं. अपर्णाताईंनी शाल घातली आणि कोणी दोन शब्द बोलणार का विचारलं. जो कधी बोलत नसे, तोच उभा राहिला.

"माझा फाउल झाला होता," मुनीर म्हणाला. "राजनभाऊंनी दोस्ती बघितली नाही, इन्साफ बघितला. असा माणूस माझा उस्ताद आहे. बस."

टाळ्या पडल्या. राजनच्या खांद्यावर ती शाल ओल्या गोणपाटासारखी जड झाली. तो उठला आणि त्याच्या तोंडून ते सगळं एकदम बाहेर पडलं.

"बाही लागली नव्हती. गुलाबी हललाच नव्हता. मी सकाळी तीन-शून्य हरलो होतो. जो हरतो त्याला पंच करतात, ते मोजे बक्षीस नव्हते. तुम्ही सगळे माझ्याकडे बघावं, म्हणून मी ओरडलो. मुनीर जिंकला होता."

मग निखिल म्हणाला, "काका, छत्री राहिली सांगायची."

जो काय हशा पिकला. लोकांनी डोळे पुसले. अपर्णाताई म्हणाल्या की पाहुण्याला गावी जाताना वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर ओढून घेतायत, केवढं मन. राजनने दोनदा, तीनदा सांगितलं, शपथ घेतली. दर शपथेला हशा वाढतच गेला. तेवढ्या गर्दीत विभावरी तेवढी हसली नाही. ती ताटाकडे बघत राहिली.

मुनीर जवळ आला, त्याने राजनचा हात दोन्ही हातांत धरला. "पुरे राजनभाऊ," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी स्वतःचं नाव खराब करू नका. तुम्ही सांगितलेली ही सगळ्यांत चांगली गोष्ट आहे, पण ही राहू द्या."

जायच्या दिवशी त्याने शर्ट परत आणून दिला, धुऊन, कडक इस्त्री करून. दोन्ही बाह्या त्याने स्वतः बोटभर आत दुमडून टाके घातले होते, बारीक, सरळ, फोरमनच्या हाताचे. म्हणाला, लांब बाहीने पुन्हा कोणाचा घात व्हायला नको.

हर्णैला मुनीरने मशिदीमागच्या गाळ्यात कॅरमचे चार बोर्ड टाकले आहेत. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. पोरांना तो पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो, की दुबईत एकदा माझा हात लागला होता आणि मी सांगितलं नव्हतं, तेव्हा तुम्ही सांगत जा. राजन दर वेळी म्हणतो, मुनीर, नव्हता रे लागला. मुनीर दर वेळी हसतो आणि विचारतो, वहिनी कशा आहेत?

त्या शर्टाच्या बाह्या राजनला आता मनगटाच्या वरच राहतात. टाके उसवायला विभावरीने कात्री काढून दिली होती. ती तशीच टेबलावर पडून आहे.