बावीस वर्षांचं वाक्य

कारखान्याच्या बॉयलरवर मी एकवीस वर्षं आहे. कागदावर मात्र अकरा महिने. अकरा भरले की कंत्राटदार आठ दिवस घरी बसवतो आणि नवा माणूस म्हणून पुन्हा घेतो. आम्ही कायम नोकरी मागू नये म्हणून. याला आम्ही ‘आंघोळ’ म्हणतो. जुना माणूस धुतला की कोरा निघतो.

यंदा शिफ्टप्रमुखाची एक जागा निघाली, कायमची. अट एकच. पुढच्या शिफ्टसाठीची नोंद इंग्रजीत करता यायला हवी: पाच वाजता काय चालू असेल, सहापर्यंत ते किती तास चालत आलेलं असेल.

धाकटी लेक शिकवायला बसली. “लिहा अप्पा, उद्या पाच वाजता मी फुटबॉल खेळत असेन.”

“मी कशाला खेळतोय?”

“अहो, नुसतं वाक्य आहे!”

“खोटं आहे. बॉयलरच्या वहीत खोटं लिहिलं तर पुढचा माणूस भाजतो.”

तिनं कपाळाला हात लावला. मग आम्ही बॉयलरचीच वाक्यं केली. ॲट फाइव्ह द वॉटर विल बी बॉयलिंग. बाय सिक्स इट विल हॅव बीन बॉयलिंग फॉर थ्री अवर्स.

“माझं डोकं कधीपासून उकळतंय, तेही लिहून घे गं,” बायको आतून म्हणाली.

तोंडी परीक्षेला मोठे साहेब होते, शेजारी कंत्राटदार. पाणी, वाफ, दाब, सगळं मी धडाधड सांगितलं. साहेब खूश. शेवटी त्यांनी इंग्रजीत विचारलं, येत्या मार्चपर्यंत तुम्ही इथं किती काळ काम करत आलेले असाल?

कंत्राटदार माझ्याकडे वाकला. “अकरा महिने म्हण. जागा तुझीच.”

कायमची नोकरी दोन शब्दांवर आली होती.

“बाय मार्च आय विल हॅव बीन वर्किंग हिअर फॉर ट्वेंटी-टू इयर्स.”

साहेबांनी फाइल उलटली. “इथं तर वेगळं दिसतंय.”

“बॉयलरच्या वह्या बघा साहेब. पानापानावर माझी सही आहे.”

“इंग्रजी चांगलं आहे तुमचं,” म्हणत त्यांनी फाइल मिटली.

जागा कंत्राटदाराच्या मेहुण्याला मिळाली. त्याला इंग्रजी येतं, आणि वर्षंही कंत्राटदारासारखीच मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. परीक्षेत काय झालं ते ऐकून जेवणाच्या सुट्टीत शिफ्टमधल्या माझ्यासारख्याच चौघांनी वह्यांचं कपाट उघडलं आणि ते जुन्या वह्यांत आपापल्या सह्या शोधायला लागले. सापडेल त्या पानाचा फोटो काढत होते.

कंत्राटदार दारात आला. “काय चाललंय?”

“वाचतोय,” मी म्हटलं आणि पुढची वही खाली काढली.